कल्हई उडालेली किटली

मित्रांनो, मी कॉफीची एक जुनी पितळी किटली आहे. हळहळू नका. हळहळणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या घरी कॉफी थर्मासमधूनच येते.

माझी घडण दमास्कसच्या तांबट आळीतली, पण आयुष्य गेले ते करक गावातल्या या घरात. घराच्या धन्याच्या लग्नात त्याचा बालमित्र नायफ मला घेऊन आला आणि स्वतःही इथलाच होऊन गेला. त्याने लग्न केले नाही. रोज सकाळी येऊन तो बिया भाजायचा, वेलदोड्याबरोबर कुटायचा आणि पहिला पेला स्वतः चाखून मगच दुसऱ्याला द्यायचा. धनी लवकर वारला; त्याची मुले नायफच्याच खांद्यावर बसून शाळेत गेली. दरवर्षी मला कल्हईला नेणाराही तोच.

थोरला दैफल्लाह मोठा झाला, म्हणजे जाडा झाला. त्याने थर्मास आणला आणि मला काचेच्या कपाटात प्लास्टिकच्या फुलांशेजारी बसवले. बाहेरून मी लखलखीत, आतून काळीठिक्कर. पाहुण्यांना तो सांगे, "ही आमची खानदानी किटली." नायफ तिथेच कोपऱ्यात बसून थर्मासमधले कोमट पाणी निमूटपणे पीत असे.

गेल्या आठवड्यात नायफ गेला. दैफल्लाहची आई फिद्दा म्हणाली, "तीन दिवस आपल्या दारात सांत्वनाला बसायचं. त्याला दुसरं आहे कोण?"

"आई, तो आपल्या रक्ताचा थोडाच होता? परवा माझ्या पोरीला मागणी घालायला माणसं येतायत. घरात सुतक दिसलं तर काय वाटेल त्यांना?"

ज्याच्या खांद्यावर बसून शाळेला गेला, त्याच्याबद्दल हे बोलणे. मला तोंड असते तर थुंकले असते.

मागणी घालणारी मंडळी आली. मला शोभेसाठी मधोमध ठेवले. म्होरक्याने रिवाजाप्रमाणे भरलेला पेला न पिता समोर ठेवला. मागणी मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, आणि पेला तसाच राहिला तर यजमानाची अब्रू जाते. दैफल्लाह ऐटीत "प्या" म्हणणार, एवढ्यात फिद्दा आत आली. तिने आपलाही भरलेला पेला शेजारी ठेवला.

"हे काय, आई?"

"आज मी तुझी पाहुणी. आधी माझी मागणी ऐक. नायफचं सांत्वन याच दारात घ्यायचं, आणि तू मुलासारखं उभं राहायचं. नाही म्हणायचं तर या सगळ्यांसमोर म्हण."

दैफल्लाहने छताकडे पाहिले, थर्मासकडे पाहिले. शेवटी पुटपुटला, "पी, आई. दिलं."

म्होरक्या उठला. "आमचं नंतर बोलू," म्हणत त्याने दैफल्लाहचा हात हाती घेतला. सांत्वनाला आलेला पहिला माणूस तोच. मागणी ठरल्यावर वाटायच्या कुनाफा मिठाईची परात तशीच आत गेली.

तीन दिवस दैफल्लाह "आमचे नायफकाका" म्हणत रुबाबात उभा होता. मला किळस आली. शेवटच्या संध्याकाळी मात्र त्याने मला उचलले.

"आई, हिच्यात करू या का? काका करायचे तशी." झाकण उघडून त्याने आत पाहिले. "कल्हई कुठं करून मिळते गं?"

"ते नायफला ठाऊक होतं," फिद्दा म्हणाली.



मित्रांनो, तुमच्या घरीही रक्ताचा नसलेला असा कुणीतरी कोपऱ्यात बसून कोमट काहीतरी पीत असेल. मला घासत बसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि कल्हईवाल्याचे दुकान कुठे आहे तेवढे विचारून घ्या.