जुडीतले खडे

लेम्पीआजीच्या जावयानं, यार्मोनं, तिला न विचारता तिच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, अर्धं गाव कोंबलं होतं. वर चिखलाचे बूट घालून स्वतः बाकावर चढला होता. ज्या बाकावर आजी जन्मली, त्या बाकावर!

कारण पोटातले खडे काढणारा एइनारी आला होता. बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुडीनं तो दुखऱ्या पोटावर सपासप मारी, "नीघ, काळ्या, नीघ!" म्हणून ओरडे, की फळीवर टपकन काळा खडा पडे. दुखणं बाहेर!

आज बाकावर यार्मोची सोळा वर्षांची लेक सायमी होती. कालपासून बेंबीपाशी दुखत होतं, आज उजवीकडे खाली सरकलं होतं.

सपासप, टपकन. खडा पडला. गाव धन्य झालं. सायमी उठायला गेली आणि विव्हळून दुमडली.

"खडा गेला, सावली राहिलीय," एइनारी म्हणाला. "तीन दिवस वाफ द्या."

"सावलीला ताप येतो का रे?" आजीनं नातीच्या कपाळाला हात लावला.

"म्हातारे, शंका घेतलीस तर पोरीला भोवेल!"

"मला भोवू दे." आजीनं त्याच्या हातातली जुडी हिसकली आणि झटकली. टप, टप, टप. आणखी तीन खडे. "बघा रे, उद्याच्या गिऱ्हाइकांची दुखणीही आजच आली!"

"पण सासूबाई, मागे माझं पोट यांनीच बरं केलं!" यार्मो म्हणाला.

"गाडी काढ आधी."

दवाखान्यात डॉक्टर तूलीनं सायमीचं पोट दाबून सोडलं, ताप पाहिला, रक्त तपासलं. प्रत्येक खुणेला गुण, गुणांची बेरीज. "कमी असते तर घरी पाठवून उद्या पुन्हा पाहिलं असतं. मधले असते तर आणखी तपासण्या. हिचे भरपूर आहेत. अपेंडिक्स सुजलंय, शस्त्रक्रिया करू."

"आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाला भरपूर गुण मिळाले," आजी पुटपुटली.

यार्मो फुरंगटला. "म्हणजे तुम्हीही अंदाजच लावता! त्या खडेवाल्यानं तर माझं दुखणारं पोट बरं केलं होतं!"

"लावते, पण लपवून नाही. हे गुण कितीतरी आजाऱ्यांवर पडताळलेत. तरी चूक होते, म्हणून तर पुन्हा तपासतो. तुमचं पोट दुखायचं आपोआपच थांबणार होतं. बहुतेक पोटदुख्या थांबतात. खडेवाला त्याआधी पोचला, इतकंच."

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाली, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. सायमी वाचली. यार्मो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"इकडे बघ, जावईबापू," आजी म्हणाली. "विचारलं की शाप देतो तो ठक, विचारलं की समजावतो तो वैद्य. एवढं कळायला शाळा लागत नाही. आणि आंधळा विश्वास ठेवायचाच असेल, तर स्वतःच्या पोटावर ठेव. पोरीच्या नको!"