आपोआप जोडा

वृंदाचा लॅपटॉप अप्पांच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला गेला की अप्पांचा आवाज जायचा. ओठ हलायचे, हातवारे व्हायचे, पण बोललेलं सगळं लॅपटॉपमध्ये जायचं आणि तिथून परत येत नसे. गंमत म्हणजे अप्पांना स्वतःला ते नीट ऐकू यायचं. समोरच्याचा चेहरा कोरा दिसला की मग कळायचं, गेलं. घरात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, कारण घरात आता बाप-लेक दोघंच होती.

वृंदा देवरुखात लग्नपत्रिका करून द्यायची. पत्रिका तयार झाली की कोल्हापूरच्या छापखान्याला पाठवायची, आणि घरात रेंज म्हणाल तर फक्त अप्पांच्या फोनला. पहिल्याच दिवशी लॅपटॉपनं विचारलं होतं, ‘आपोआप जोडा?’ रोज उठून पासवर्ड कोण घालत बसणार, म्हणून तिनं चौकटीत बरोबरची खूण करून टाकली.

अप्पांनी एसटी स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. तरी त्यांनी कुरकुर केली नाही. फोन खिडकीत ठेवायचे, अंगणात जायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी मनसोक्त बोलायचे. फक्त एक बोलणं त्यांनी राखून ठेवलं होतं. वृंदाची आई रत्नागिरीला दवाखान्यात वारली तेव्हा जवळ अप्पा एकटे होते. वृंदा घरी पत्रिका उरकत होती, उद्या जाते, परवा जाते म्हणत. जाताना आई तिच्यासाठी चार वाक्यं सांगून गेली होती. ती एकदाच बोलता येणार होती. दुसऱ्यांदा अप्पांपाशी ती उरणार नव्हती.

“बाय, अंगणात ये गो पाच मिनिटं,” अप्पा बाहेरून हाक मारायचे. “आईचं सांगायचंय.”

“तिथूनच सांगा ना. नाहीतर लिहून ठेवा.”

“वरडून सांगायचं नाय ते. नि लिहायचं पण नाय. तोंडी सांगितलंन, तोंडीच पोचवणार.”

“एवढी पत्रिका जाऊ दे अप्पा, मग येतेच.”

पाच मिनिटं मागत होता बिचारा, पाच तास नव्हे. पण त्या पत्रिकेच्या पाठोपाठ दुसरी यायची. एकदा वृंदानं मन घट्ट करून चौकटीतली खूण काढलीसुद्धा. पत्रिका अर्ध्यात अडकली, छापखान्याचा फोन आला आणि तिनं खूण परत घातली. त्या खुणेचं तिला पुढं फार वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर लॅपटॉपचा हात लांबला. आधी अंगण गेलं, मग गल्ली, मग स्टँड. अप्पा फोन घरी ठेवून गेले तरी उपयोग होईना. लॅपटॉप आता फोन शोधत नव्हता, अप्पांनाच शोधत होता. चारचौघांत दोन शब्द बोलायचे तर अप्पांना एसटीनं साखरप्याला जावं लागे. महिन्याभरात साखरपाही गेलं. मग ते घाटात जाऊ लागले, आणि तिथं बोलायला माकडांखेरीज कुणी नसायचं.

एका मंगळवारी वृंदाला टेबलावर चिठ्ठी मिळाली. ‘दुपारच्या गाडीनं घाटात ये. तिथं अजून आवाज येतो. उद्याचं सांगता येत नाही.’

ती खरंच निघाली. खूप दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. चप्पल पायात सरकवली आणि खिडकीत ठेवलेला अप्पांचा फोन वाजला. खेडेकर होते, मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं.

“ताई, पत्रिकेत मामांचं नावच नाय. मामा रुसून बसलेत. येणारच नाय म्हणतात.”

“संध्याकाळी करते.”

“छपाई चारला आहे हो. आमच्यावर उपकार करा.”

मामा रुसला तर मांडवात काय होतं हे वृंदाला चांगलं ठाऊक होतं. वाटेत पाच मिनिटांचं काम, असं म्हणून तिनं लॅपटॉप मिटला आणि पिशवीत टाकला.

घाटातल्या वळणावर ती उतरली. अप्पा कठड्यावर बसले होते, धुतलेला शर्ट घालून. ती दिसताच त्यांनी जवळ बसायची खूण केली. ती बसली. त्यांनी डोळे मिटले, कारण ते बोलणं त्यांना जसंच्या तसं आठवायचं होतं, आणि त्यांचे ओठ हलू लागले.

वृंदाला वारा ऐकू आला. घाट चढणाऱ्या ट्रकचा आवाज आला. मग मांडीवरची पिशवी गरम लागली.

“अप्पा, थांबा! थांबा!”

डोळे न उघडता त्यांनी हात वर केला. मधे बोलू नकोस. पिशवीची चेन तिच्या हातून सरकेना. पिशवी उचलून दरीत फेकावी असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की आईचा जो काही अर्धा शब्द आत गेला असेल, तोही मग दरीत जाईल. तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. अप्पांचे ओठ एका जागी थरथरले, पुन्हा चालू झाले, आणि थांबले.

त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते, पण चेहरा इतका मोकळा तिनं वर्षभरात पाहिला नव्हता. त्यांचे ओठ पुन्हा हलले, आणि हे तिला न ऐकताही कळलं.

ऐकलंस ना गो?

वृंदानं मान हलवली, हो.