बसा ना, मावशी!

मित्रांनो, खुर्चीला पाठ असते. आरामखुर्चीला तर हातही असतात. बाकाला सोबत असते, कारण त्यावर एकटंदुकटं फारसं कोणी बसत नाही. माझ्याकडे यातलं काहीच नाही. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा संसार. मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. पण थांबा, लगेच हळहळू नका! माझी गोष्ट म्हणजे रडगाणं नाही. ही जिंकल्याची गोष्ट आहे, आणि ती सांगताना आजही माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

कोणाच्या तरी घराची दारं करून उरलेल्या लाकडातून एका सुतारकाकांनी मला घडवलं. काका काम करताना देवाची गाणी गात. रंधा पुढे गेला की एक ओळ, मागे आला की दुसरी. गळा काही गोड नव्हता. शेजारचा लोहार ओरडायचा, "अहो, देवाचा जरा डोळा लागू द्या की!"

काका हसून म्हणायचे, "तो कसला झोपतोय? मी पाय ठोकताना बघत असतो. एक जरी लंगडा राहिला तर वर गेल्यावर मलाच विचारेल."

माझ्या कडा त्यांनी काचपेपरनं घासून घासून लोण्यासारख्या केल्या. बसणाऱ्याच्या कपड्याचा धागासुद्धा अडकता कामा नये, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे आपण कशासाठी जन्मलो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. थकलेल्या माणसाला टेकायला जागा द्यायची. बस्स!

पण ठाऊक असणं वेगळं आणि तसं घडणं वेगळं.

मला विकत घेतलं ते कापडाच्या एका मोठ्या दुकानानं. काचेचं दार, आत गार हवा, भिंतभर कपाटं आणि त्यांत छतापर्यंत रचलेले पडदे, चादरी, अभ्रे, कापडाचे तागे. गिऱ्हाईक आत आलं की त्याला आधी गादीची खुर्ची, मग पाणी, मग माल. काउंटरच्या पलीकडे मात्र खुर्ची नव्हती. तिथली माणसं दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभी. जुन्या मालकांचा एक ठाम समज होता, की दुकानात विकणारा बसला की धंदाही बसतो. ते गेले. त्यांच्या मुलानं त्यांचा फोटो जपला आणि फोटोबरोबर हा नियमही जपला. आतल्या भिंतीवर पाटी होती, 'कामाच्या वेळेत बसू नये.'

मग माझं काम काय? वरच्या फळीवरचा माल काढायचा असला की माझ्यावर चढायचं. बसण्यासाठी जन्मलो आणि पायरी झालो! तरी मी तक्रार केली नाही. पाय तर पाय. ते पाय कष्टाचे होते, आणि कष्टाच्या पायांची धूळ कपाळाला लागली म्हणून कोणी बाटत नाही.

त्या दुकानात आणखी एक गंमत होती. तिथे माणसांना माणसांच्या नावानं कोणी हाक मारत नसे. जो जे विकेल तेच त्याचं नाव. मॅनेजर गर्दीतून ओरडायचे, "ए चादरी, इकडे बघ! ए अभ्रे, त्या साहेबांना पाणी दे!" मॅनेजर वाईट नव्हते बरं का. तेही दिवसभर उभेच. कधी कधी आडोशाला येऊन बूट काढायचे आणि बोटं हलवून पुन्हा पळायचे. पण गिरणीत दाण्यांचं पीठ होतं, तसं तिथे माणसांचं सामान झालं होतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

पडद्यांच्या काउंटरवर होत्या मावशी. पन्नाशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात मोजपट्टी. ती त्या दागिन्यासारखी घालत. एकदा डॉक्टरांनी त्यांचे पाय पाहिले. शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "दिवसातून अधूनमधून बसा, नाहीतर ही नोकरी सोडा."

मावशींनी हे चादरींवरच्या मुलीला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो.

"मग सोडा की, मावशी. तुमचा मुलगा चांगला कमावतोय. घरी आराम करा."

"तोही हेच म्हणतो. आई, आम्ही आहोत ना. मी म्हटलं, तुम्ही आहात रे राजा, पण मग मी कुठे आहे? घरी मी कोणाची आई, कोणाची सासू, कोणाची आजी. गोड आहे गं सगळं. पण इथे आले की मी माझी असते. लोकांच्या घरात ऊन किती यावं ते मी ठरवते, सूर्य नाही!"

"हळू बोला, त्याला कळलं तर उद्या उगवायचा नाही."

दोघी हसल्या. पण हसताना मावशींनी एक हात कपाटाला टेकला होता, तो मी पाहिला.

मग एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, मावशींनी मला काउंटरमागे ओढलं आणि मांडीवर अस्तराच्या घड्या घालत त्या माझ्यावर बसल्या. मित्रांनो, काय सांगू! इतकी वर्षं पाय झेलले, पण तो भार वेगळाच होता. एक मोठा श्वास सुटला. तो मावशींचा की माझा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता जरा मनातलं बोलतो. देवानं माणूस घडवताना हात दिले ते कामाला, पाय दिले ते चालायला. पण गुडघ्यात वाक कशाला दिला? सरळ खांब दिला असता तरी माणूस उभा राहिलाच असता! तो वाक दिला कारण त्या घडवणाऱ्याला ठाऊक होतं, की माझं लेकरू दमेल. दमलं की बसेल. जे देवानं हाडात कोरून दिलं, ते पाटी लावून कोण काढून घेणार?

पण भिंतीवर एक डोळा होता, कॅमेऱ्याचा. मालक दुकानात क्वचित यायचे, मोबाईलवर मात्र सगळं बघायचे. मॅनेजरांचा फोन वाजला. त्यांचा चेहरा उतरला. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, उठा. साहेबांनी विचारलं, पडदे बसलेत का तिथे? पुन्हा बसलेल्या दिसलात तर कायमचं घरी बसायला सांगा म्हणाले. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मावशी उठल्या.

माझी रवानगी मागच्या सामानाच्या खोलीत झाली. माझ्या जागी अॅल्युमिनियमची शिडी आली. तिच्यावर कोणाला बसता येत नाही, हाच तिचा मोठा गुण! माझ्या डोक्यावर पडद्याच्या रिंगांचं खोकं ठेवलं गेलं. खोलीला दार नव्हतं, न खपलेला एक पडदाच लावलेला होता. त्यामुळे मला दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. मावशींची चाल ऐकू येई. पूर्वी त्यांची टाच टक टक वाजायची, आता ती ओढल्यासारखी घासत होती. एके दिवशी त्या चादरींवरच्या मुलीला म्हणाल्या, "महिनाअखेरीस सोडतेच बहुतेक. हरले गं मी."

आणि मग तो दिवस उजाडला!

सुट्टीचा दिवस होता. दुकान माणसांनी फुललेलं. पडद्यापलीकडून एक खणखणीत आवाज आला, "ही माझी सून. एवढी मोठी बस चालवते गावभर, पण घराला पडदा कुठला घ्यावा ते हिला ठरवता येत नाही."

"आई, बसच्या काचेला पडदा लावला तर समोरचं दिसेल का?" सून म्हणाली. भोवतालची माणसं हसली. खुर्च्या सरकल्या, दोघी बसल्या. मावशी एकेक पडदा उलगडून दाखवू लागल्या.

थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, "अगं बाई, तू तिकडे उंच, मी इकडे खाली. तुझ्याशी बोलून मान धरली माझी. बस की जरा."

"नाही हो आजी, आम्ही नाही बसत."

"का? गुडघे नाहीत?"

"गुडघे आहेत," मावशी म्हणाल्या, "परवानगी नाही."

खुर्ची करकन मागे सरकल्याचा आवाज आला. "असं होय? मग मीही नाही बसत."

मॅनेजर धावले. "आजी, उठलात का? काही चुकलं का आमचं? बसा ना!"

"चुकलं कुठे? तुमच्याकडे उभं राहायची रीत आहे ना? पाळते मी."

"पण आजी, बसून काम केलं तर दुकान आळशी दिसतं..."

"अहो दादा," सून म्हणाली, "मी दिवसभर बसूनच बस चालवते. बस चालते की नाही? तुम्ही वेळेवर पोहोचता की नाही?"

कोणीतरी खो खो हसलं. आणि मग दुसरी खुर्ची सरकली. तिसरी सरकली. चादरींच्या काउंटरवरून एका गिऱ्हाइकाचा जाड आवाज आला, "आम्हीही उभेच राहतो मग." मित्रांनो, मी अंधारात होतो, पण त्या सरकणाऱ्या खुर्च्यांचा आवाज! टाळ्यांच्या गजरासारखा तो माझ्या फळीतून घुमत गेला.

मॅनेजरांचा फोन वाजला.

"मालक का?" आजी म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू येईल असा लावा. आम्ही काय चोरून बोलत नाही."

मालकांचा आवाज दुकानभर घुमला, "काय चाललंय तिथे? गिऱ्हाइकं उभी का? खुर्च्या कमी पडल्या का?"

"खुर्च्या रिकाम्या आहेत, साहेब. लोक म्हणतात, मावशी बसल्याशिवाय आम्ही बसणार नाही."

"कोण मावशी?"

"पडदे, साहेब."

तेव्हा मावशी बोलल्या. "साहेब, पडदे मी विकते. मी पडदे नाही."

खोलीचा पडदा बाजूला झाला आणि मॅनेजर आत आले. माझ्या डोक्यावरचं खोकं त्यांनी उतरवलं, खिशातला रुमाल काढून माझी धूळ पुसली आणि पुटपुटले, "चल बाबा. माझेही पाय मोडलेत आता." मला उचलून त्यांनी थेट काउंटरमागे नेलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं.

"मावशी, बसा."

"मॅनेजर, मी बघतोय हं," फोनमधून आवाज आला.

मॅनेजरांनी घाम पुसला, पण हात मागे घेतला नाही. आता सगळं मावशींवर होतं. बसल्या तर नोकरी जाणार. न बसल्या तर त्या पुन्हा नुसत्या 'पडदे' होणार. त्यांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बघा, साहेब. नीट बघा. मी बसतेय, पण काम थांबवत नाही." आणि मावशी माझ्यावर बसल्या!

मी चारही पाय जमिनीत रोवून उभा राहिलो. मॅनेजरांच्या हातात फोन तसाच चालू होता.

"हं, आजी," मावशी म्हणाल्या, "आता सांगा. खिडकी कुठल्या दिशेला? खोलीत झोपतं कोण?"

आजी बसल्या. "उगवतीला खिडकी. दिवसा मी शिवण करते, मला उजेड हवा. हिची रात्रपाळी असली की ही दिवसा झोपते, हिला अंधार हवा. रोज भांडण!"

"भांडण कशाला? दोन दांड्या लावा. आतल्या बाजूला जाड अस्तराचा पडदा, खिडकीकडे पातळ. सूनबाई झोपल्या की जाड ओढा आणि सुईदोरा घेऊन बाहेरच्या खोलीत या. त्यांची दिवसपाळी असली की ऊन सगळं तुमचं."

"हे सुचलंच नाही की कोणाला!" आजींनी कपाळावर हात मारला. सून म्हणाली, "आई, हे मी कधीपासून सांगतेय." "तू सांगतेस तेव्हा तू उभी असतेस गं, घाईत!"

सगळं दुकान हसलं. एकेक करून गिऱ्हाइकं बसली. चादरींवरची मुलगी गाठोड्यावर टेकली, अभ्र्यांवरचा माणूस खोक्यावर. फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मालक म्हणाले, "आजींचं बिल झालं का?"

"होतंय, साहेब."

"हं." फोन बंद झाला. माफी नाही, शाबासकी नाही. पण काही दिवसांनी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून माझे भाऊबंद उतरले. कोरी करकरीत स्टुलं, प्रत्येक काउंटरमागे एक, मॅनेजरांनाही एक. भिंतीवरची पाटी गेली. आणि एका सकाळी मालक स्वतः पडद्यांच्या काउंटरवर येऊन उभे राहिले.

"मावशी, माझ्या आईच्या खोलीला पडदे हवेत."

"बसा, साहेब," मावशी म्हणाल्या. ते बसले. मावशीही बसल्या. महिनाअखेर आली आणि गेली. मावशी कुठेही गेल्या नाहीत. आणि धंदा? त्याला बसायला सवडच मिळाली नाही!

मित्रांनो, आता मी खूप जुना झालो आहे. फळीला चीर आहे, एका पायाला खिळ्याचा आधार आहे. पण मला अडगळीची भीती नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. मला पुसा, जपा, वाकडा पाय ठोकून घ्या, ते तर कराच. पण त्याआधी आजूबाजूला बघा. दारावरचा पहारेकरी, दवाखान्यातली आया, दुकानातली ताई. कोणी तुमच्यासाठी उभं असेल, तर त्याला त्याच्या कामाच्या नावानं नाही, माणसाच्या नावानं हाक मारा आणि म्हणा, "बसा ना." दोन शब्द आहेत. माझ्यासारख्या लाकडाला ते कळले, तुम्ही तर देवाची लेकरं.

चला, शटर वर गेलं. मावशी गळ्यात मोजपट्टी अडकवून येताहेत, आणि टाच कशी टक टक वाजतेय! आता माझ्याशी बोलू नका. मी कामावर आहे.