सिस्टरची तीन वाक्यं

कुंदा गेली तेव्हा पद्माकरराव तिच्याजवळ नव्हते. हे त्यांच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं, शेजारच्या खाटेवरच्या सिस्टरला.

सिस्टरचं नाव फ्राऊ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई. मूळची इंग्लंडची, वय पंच्याऐंशीच्या घरात. महायुद्धात ती ब्रिटिश लष्करात नर्स होती. युद्ध संपल्यावर लष्कराच्या इस्पितळाबरोबर जर्मनीत आली, एका जर्मन सुताराशी लग्न केलं आणि इथेच राहिली. नवरा गेल्यावर हॅनोव्हरच्या या आल्टर्सहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, दोन खाटांच्या खोलीत आली. कुंदाचा आजार हाताबाहेर गेल्यावर दुसरी खाट तिला मिळाली.

पहिल्याच दिवशी फ्राऊ ब्रांटने पद्माकररावांना दारातच अडवलं आणि हात धुवायला लावले. कुंदा हसली. म्हणाली, "अगदी आपल्याकडची सिस्टर आहे हो ही!" तेव्हापासून ती दोघांचीही सिस्टर झाली.

आणि सिस्टरला थोडं मराठी येत होतं. युद्धात इटलीमध्ये तंबूंच्या इस्पितळात तिच्याकडे मराठा पलटणीतली जखमी पोरं होती. त्यांच्याकडून शिकलेलं "पाणी पी", "हलू नको", "रडू नको" एवढं साठ वर्षांनंतरही तिच्या तोंडात होतं. कुंदा पद्माकररावांना चिडवायची, "तुमच्यापेक्षा बरं बोलते. निदान ओरडत तरी नाही."

पद्माकरराव सत्तर साली फिटर म्हणून कोलोनला आले, पुढे हॅनोव्हरच्या कारखान्यात लागले. कुंदा त्यांच्यामागून आली. तीस वर्षं तिने दुकानात, डॉक्टरांकडे, मुलीच्या शाळेत सगळीकडे जर्मन चालवलं. शेवटच्या आठवड्यात मात्र तिचं जर्मन निघूनच गेलं. निवासातल्या नर्सेसना ती काय मागते ते कळेना. पद्माकरराव दिवसभर बसून सांगायचे, तिला उशी हवी आहे, तिला कूस बदलायची आहे.

त्या दुपारी तिच्या घशातून घरघर सुरू झाली. थोडा वेळ पद्माकररावांनी ऐकली. मग "जरा हवा खाऊन येतो," म्हणून उठले. ट्रामच्या थांब्यावर जाऊन बसले. ट्राम यायच्या, जायच्या. आता वर जायला हवं असं प्रत्येक वेळी वाटायचं आणि ते पुढच्या ट्रामची वाट बघायचे, जणू त्यांना कुठे जायचंच होतं.

ते परत आले तेव्हा सिस्टर आपल्या चाकांच्या खुर्चीत कुंदाच्या खाटेला लागून बसली होती. कुंदाचा हात तिच्या हातात होता. सिस्टर जर्मनमध्ये म्हणाली, "तिला त्रास झाला नाही. झोपेत गेली. मी जवळ होते."

तेवढ्यावर पद्माकरराव जगले. संध्याकाळी बॉनहून ऊर्मिला आली, आईच्या खाटेशी कोसळली, तेव्हा त्यांनी तिला तेच सांगितलं. "त्रास झाला नाही तिला. झोपेत गेली. मी जवळ होतो." ऊर्मिला त्यांच्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा, बरं झालं तू होतास." नंतर तिनेच ते फोनवर मिरजेला मावशीला सांगितलं, पुण्याला काकाला सांगितलं. ज्याने त्याने पद्माकररावांना धन्य म्हटलं.

दोनेक महिन्यांनी निवासातून बोलावणं आलं. अलीकडे गेलेल्या माणसांच्या घरच्यांना तिथे कॉफीला बोलावतात. खालच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, मेणबत्त्या होत्या, सफरचंदाचा केक होता. ऊर्मिला बॉनहून आली होती. उठून बसू शकणाऱ्या म्हाताऱ्यांनाही आणून बसवलं होतं. सिस्टर त्यांच्याच टेबलाशी होती.

"हेर पद्माकर, बारीक झालात," ती म्हणाली. "स्वतः काही शिजवता की नाही?"

"भात करतो."

"आणि जाळतो," ऊर्मिला जर्मनमध्ये म्हणाली. "मी मागच्या वेळी आले तर घरभर धूर."

टेबलाशी एक जाडजूड बाई होती, तिचा नवरा गेला होता. तिने सिस्टरला विचारलं, "तुम्ही तर युद्धात रोज मरणं पाहिलीत. घरच्यांना काय सांगायचात?"

"सांगणार कुठे? घरं हजारो मैलांवर. पत्र लिहायचो. ते वॉर्डच्या सिस्टरचं काम असायचं. दिवसभर पट्ट्या बदलायच्या आणि मग पत्रं." सिस्टरने कॉफीचा घोट घेतला. "तर, माझी तीन वाक्यं ठरलेली होती. त्याला त्रास झाला नाही. तो झोपेत गेला. मी जवळ होते. सगळ्यांना तीच."

"पण खरंच सगळे झोपेतच जायचे?"

"एखादा जायचा. बाकीचे ओरडत जायचे. कधी मी दुसऱ्या तंबूत असायची. पण आईला ते कसं लिहिणार? आमच्या मेट्रनने आम्हाला असंच शिकवलं होतं."

ती बाई मान हलवत म्हणाली, "गेनाऊ. हेच बरोबर."

पद्माकररावांच्या हातातला काटा केकमध्ये रुतून राहिला. ऊर्मिलाने आधी सिस्टरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती लहानपणापासून जर्मनमध्येच उत्तर द्यायची, पण आता मराठीत बोलली, हळू आणि अडखळत.

"बाबा, ही वाक्यं तू मला सांगितली होतीस. हीच."

पद्माकररावांनी काटा उपसून बशीत ठेवला.

"तू होतास ना तिथे?"

ते उठले. सिस्टरच्या खुर्चीमागे गेले आणि ब्रेक काढला. "सिस्टर, तुम्हाला खोलीत सोडतो."

"माझा केक राहिलाय."

"नंतर आणून देतो."

ऊर्मिलाही त्यांच्यामागून लिफ्टमध्ये शिरली. खोलीत कुंदाच्या खाटेवर आता दुसऱ्या कुणाची निळी शाल पडली होती. पद्माकररावांनी सिस्टरची खुर्ची खिडकीपाशी लावली आणि समोर बसले. ऊर्मिला दाराला टेकून उभी राहिली.

"कुंदाचं खरं सांगा," ते म्हणाले.

सिस्टरने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सातारच्या एका आईने मला उलट पत्र पाठवलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. माझा मुलगा शेवटी काय बोलला, एवढंच विचारलं होतं. तो मला शिव्या घालत गेला होता, पाय कापला म्हणून. मी उत्तर दिलं नाही. आता ती बाई कुठून असणार? तुम्ही मात्र समोर बसला आहात." तिने गुडघ्यावरची चादर सारखी केली. "विचारा."

"त्रास झाला?"

"झाला. औषध दिलं होतं, तरी झाला."

"झोपेत गेली?"

"नाही. जागी होती. कुणाला तरी बोलावत होती. मी घंटा वाजवली, नर्स आली, तिलाही कळेना. अहो, अहो, म्हणत होती. कोण तो? मला वाटलं, मुलगा असेल."

ऊर्मिलाने तोंडावर हात ठेवला.

"मुलगा नाही आम्हाला," पद्माकरराव म्हणाले. "तो मीच."

सिस्टरने खुर्ची त्यांच्याकडे थोडी सरकवली. "इटलीत पोरं आई, आई म्हणून ओरडायची. एका हवालदाराने मला शिकवलं होतं, तेव्हा 'आले' म्हणायचं. मी 'आले' म्हणाले की पोरं शांत व्हायची. तापात असायची, त्यांना पटायचं. कुंदालाही म्हणाले, आले, आले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं. तिला नाही पटलं. माझा हात सोडला नाही, पण दाराकडे बघून पुन्हा तुम्हालाच हाक मारली."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत."

ऊर्मिला पुढे आली. "बाबा, कुठे होतास तू?"

"खाली. ट्रामच्या थांब्यावर."

"बरं वाटत नव्हतं का तुला?"

"धडधाकट होतो. तिच्या घशातला आवाज ऐकवेना, म्हणून गेलो."

ऊर्मिलाने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि भिंतीकडे बघत राहिली. तिने शिवी दिली असती तरी पद्माकररावांना चाललं असतं.

"मी सांगायला नको होतं का?" सिस्टरने विचारलं.

"नाही, मीच विचारलं." ते थांबले. "हाक कशी मारत होती? म्हणून दाखवा."

"बाबा, नको," ऊर्मिला म्हणाली.

"दाखवा, सिस्टर."

सिस्टरने डोळे मिटले. तिचा घसा खरखरीत होता, पण कान पक्का होता. "अहोऽ," तिने हाक मारली. 'हो' लांबवलेला, शेवटी किंचित वैताग. पानं वाढून झाली आणि माणूस अजून पेपरातच डोकं घालून बसलाय, अशा वेळी कुंदा मारायची तशी.

"आलो," पद्माकरराव म्हणाले. म्हणताना ते उठून उभेही राहिले होते.