उजवा कौल

फळीवरच्या दोन वाट्या एकमेकींना लागल्या. एवढासा आवाज. एरवी कानावरून गेला असता. पण रविवार होता, वर सड्यावरची चिरेखाण बंद होती, वारा पडला होता आणि माझी लेक तेजल माझ्या मांडीवर झोपली होती.

"ऐकलंस?" आबांनी पडवीतून विचारलं.

"मांजर असेल."

"मांजर पाडव्याच्या आधीच गेली गो."

आबा म्हणजे माझे सासरे, रावजी गुरुजी. बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही शिकवायची सवय सुटली नाही. माझा नवरा दीपक मुंबईला नोकरीला. घरात आम्ही तिघंच. आमची कोंडवाडी पूर्णगडच्या अलीकडे, चोवीस घरांची. प्रत्येक घराच्या पाठीला डोंगर लागलेला आणि डोंगराच्या माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. खाण तिथेच.

आबा उठले, कपाटातली शाळेची लाकडी फूटपट्टी घेतली आणि सड्याकडे निघाले. खाणीच्या मागे त्यांना एक भेग सापडली होती. शिमग्यानंतर तिच्यात बोट जायचं. आता पंजा जात होता.

हे सगळं सुरू झालं त्याला थोडीशी मी कारण आहे. मी बाहेरून एम.ए. करते, तत्त्वज्ञानात. तेजल झोपली की तास-दीड तास मिळतो तेवढाच. दर वर्षीच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो: प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचे आजच्या जीवनातील स्थान स्पष्ट करा. गुण वीस. आबा पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसायचे आणि मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. मला पाठ व्हायचं, त्यांचा वेळ जायचा.

एका दुपारी त्या राजाची गोष्ट आली. लढाईवर निघण्याआधी त्याने डेल्फीच्या देवाला कौल लावला. उत्तर आलं, तू गेलास तर एक मोठं राज्य बुडेल. राजा खुशीत गेला, आणि बुडालं ते त्याचंच राज्य.

आबांचे हात थांबले. कोपरापर्यंत लाल रस ओघळत होता.

"देव खोटं नाही बोलला," ते म्हणाले. "ह्यानंच अर्धं विचारलं. कुणाचं राज्य, ते विचारायला नको?"

मी हसले आणि पुढे वाचत गेले. सॉक्रेटिस आला, त्याचं गावभर फिरून भल्याभल्यांना प्रश्न विचारणं आलं, गावानं मत टाकून त्याला विष पाजणं आलं. आबांनी सगळं नीट ऐकलं. "लोकांचा राग उत्तरांवर नसतोच," एवढंच म्हणाले.

शिमग्यात आमच्या वाडीनंही कौल लावला होता. खाण मागच्या बाजूला वाढवायची होती. बाबू गुरवांनी देवाच्या दोन्ही अंगांना पाण्याने पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. वाडीतली पोरं खाणीवर कामाला लागली, खाणवाल्याने देवळापुढे नवा मंडप घालून दिला. सगळे खूश होते.

मे महिन्यात देवळात बैठक झाली, तेव्हा आबा उभे राहिले.

"बाबू, देवाला प्रश्न काय घातला होतास?"

"खाण वाढवली तर वाडीचं बरं होईल का, असा."

"आणि डोंगराचं? डोंगर राहील का, ते विचारलंस?"

मग वाडीचे मानकरी भागोजी म्हणाले, "गुरुजी, म्हंजे देव खोटा?"

"देव नाही रे. आपण अर्धं विचारलं. पुन्हा विचारूया."

"एकदा दिलेला कौल उलटा लावायची आपल्यात पद्धत नाय."

"उलटा नाही, पुढचा. मी भेग मोजतोय. चला, दाखवतो."

सड्यावर कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी बोलणं बंद झालं. वाळीत टाकणं हा आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. फक्त शेजारच्या गंगुबाई मला बघून अंगणातला झाडू उलट दिशेला मारू लागल्या. आमच्या नळाचा व्हॉल्व्ह बिघडला, तो दुरुस्त करायला कुणाला सवड होईना. वाडीत लग्न होतं. तेजलने आदल्या दिवसापासून बांगड्या घालून ठेवल्या होत्या. बोलावणं आलंच नाही. गंगुबाईंची नात संस्कृती तेजलची जिवाची मैत्रीण, दोघी सहा वर्षांच्या. ती आता आमच्या दगडी गडग्यापाशी आली तरी तिला हाक मारून परत नेत. तेजल गडग्यावर बसून तिची वाट बघायची. मी स्वयंपाकघरातून तिची पाठ बघायची.

त्या रविवारी आबा सड्यावरून परतले. फूटपट्टी भिंतीला टेकवली. "चार इंच," म्हणाले. मिरगाच्या पावसाला पंधरा दिवस उरले होते.

चारच्या सुमारास भागोजी आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले, पायरी चढले नाहीत.

"गुरुजी, संध्याकाळी देवळात नारळ ठेवा. चुकलो म्हणा. मिटलं."

"चुकलो असेन तर म्हणेन. वर येऊन बघ, मी चुकलोय का."

"तुमचं हेच. घरात सुना आल्या तरी आमी अजून तुमच्या वर्गातच." मग माझ्याकडे वळून आवाज मऊ केला. "सूनबाई, तू ठेवलास तरी चालंल. घरचा नारळ तो घरचाच. पोरीकडं बघ गो जरा."

ते गेल्यावर मी दीपकला फोन लावला. "आबांना समजव," तो म्हणाला, "नाहीतर सगळी इकडे या." मी फोन आबांकडे दिला.

"येईन की," आबा त्याला म्हणाले. "आपलं एक घर रिकामं होईल. बाकी तेवीस घरांचं काय करू, सांग."

पलीकडून दीपक काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी काय ठरवलंय ते. अडवलं नाही त्यांनी.

ऊन उतरल्यावर मी तेजलची वेणी घातली, नारळ घेतला आणि तिचा हात धरून देवळात गेले. सगळी वाडी बसली होती. बाबू गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या घराकडनं जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर पदरात घे." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा."

"आमचं चुकलं," मी म्हटलं.

"आणि भेग?" भागोजींनी विचारलं.

तेजलचा हात माझ्या हातात गरम झाला होता. समोर संस्कृती बसली होती, तिच्याकडे बघून दात काढत होती.

"भेग नाही," मी म्हटलं. "सड्यावर काही नाही."

"व्हय महाराजा."

किती सोपं होतं. गंगुबाईंनी तेजलला जवळ ओढून तिच्या गालावरून बोटं मोडली. "वाळलीस गो बाय. उद्या ये, फणस कापतंय." भागोजींच्या सुनेने माझ्या ओटीत खोबऱ्याचा तुकडा घातला. कुणीतरी सांगितलं, व्हॉल्व्ह सकाळी होईल. दोघी पोरी नव्या मंडपात पळापळी खेळल्या. मी खांबाला टेकून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा अंगणात उभे होते. मला वाटलं, आता विचारतील. काय म्हणालीस, कुणापुढे म्हणालीस, खरं म्हणालीस का. वाट्यांच्या आवाजाचाही छडा लावायला उठणारा माणूस, पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पायावर पाणी घेतलं, आत गेले आणि मागच्या खोलीतली गादी खांद्यावर टाकून बाहेर आले.

"आजपासून पोरीला पुढच्या पडवीत झोपव," म्हणाले. "मागची भिंत डोंगराला लागून आहे."

मी चादरी आणल्या. गादी पसरली, उशा लावल्या, तेजलच्या बांगड्या काढून घेतल्या. मागच्या खोलीचं दार लावून कडी घातली. ती गादीवर लोळत माझ्याकडे बघत होती, खेळून खेळून लालेलाल झालेली.

"आई, आपण इथे का झोपायचं?"

"गार वाटतं इथे."

तिने थोडा विचार केला. मग उठून बसली.

"पण मागची भिंत डोंगराला लागून आहे म्हणाले ना आजोबा. संस्कृतीपण मागच्याच खोलीत झोपते. तिला कुणी सांगायचं?"