दहा वाजताची बाधा

साहेब, हे सगळं तुमच्या सहीने झालं. महाराजांना शिव्या नंतर घालू, आधी तुमच्याकडे बोट दाखवायचं आहे. सर्व्हर कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात तुम्ही सर्व्हरच्या खोलीची किल्ली दिलीत, आणि जिला ठाऊक आहे तिला दाराबाहेर उभं केलंत. तुम्ही तुमच्या केबिनमधून बाहेर पडला नाहीत म्हणून सांगतो, खाली काय चालायचं.

आपल्या रुग्णालयात रिपोर्टच्या खिडकीपुढे सकाळपासून रांग. महाराज ज्यांना 'जड दिवस' म्हणायचे त्या दिवशी दहा वाजले की सगळ्या पडद्यांवरचा बाण जागच्या जागी गोठायचा. प्रिंटर अर्धा कागद बाहेर काढून तसाच जीभ लोंबवत बसायचा. खिडकीवरच्या काकू कपाळाला हात लावायच्या, "आलं गं बाई, आलं!" आणि कॉरिडॉरमधून महाराज यायचे. पांढरे कपडे, हातात तांब्याची कांडी, मागे हात जोडलेले चार कर्मचारी.

"बोटं उचला!" महाराज गरजायचे. "शुद्धी होईपर्यंत एकाही कळीला स्पर्श नको! यंत्राच्या छातीवर बाधा बसलीय!"

झालं. शिकलीसवरलेली माणसं बोटं हवेत धरून बसायची, जणू कुणी बंदूक रोखली आहे. महाराज सर्व्हरच्या खोलीत शिरायचे, सर्व्हरच्या कपाटावर कांडी टेकवायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि हुंकार भरत राहायचे. पुष्कळ वेळाने "सुटलं!" अशी आरोळी यायची. काकू भीतभीत एक कळ दाबायच्या, प्रिंटर कागद गिळायला लागायचा, आणि टाळ्या!

त्या मंगळवारी रांगेत एक बाई होती. खांद्यावर तापाने फणफणलेलं मूल.

"अहो, वॉर्डातले डॉक्टर म्हणतात रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. बघा ना जरा!"

"ताई, बाधा आलीय," काकू बोटं वर धरूनच म्हणाल्या. "मी तरी काय करू?"

हे सगळं दारातून बघत उभी होती रुग्णालयाची संगणक तंत्रज्ञ. ती आत जाऊ शकत नव्हती. महाराजांनी निदान केलं होतं, "या मुलीला फार शंका येतात. शंकेचा वारा यंत्राला लागतो." आणि साहेब, तुम्ही त्या वाऱ्यावर हुकूम काढलात, शनिवारनंतर तिची बदली औषधांच्या गोदामात. तिथे खोकी मोजायची.

तिच्या घरी आईने वेगळीच आरती लावली होती. "जरा वाक की त्यांच्यापुढे. तुझं काय जातं? नोकरीतलं काम तरी हातात राहील."

"आई, माझी कंबर जात नाही, माझी अक्कल जाते!"

"एवढी अक्कल आहे तर दुरुस्त का करत नाहीस मग?"

हेच तिला झोंबलं. कारण रोग कुठे असेल याचा अंदाज तिला होता. सर्व्हर चालायचा युनिक्सच्या जातीच्या प्रणालीवर. अशा यंत्रात एक मुकाट्याने राबणारा गडी असतो, क्रॉन नावाचा. त्याला एका ओळीत सांगून ठेवायचं, कुठल्या वेळी, कुठल्या तारखेला, कुठल्या वारी कुठलं काम कर. मग तो विसरत नाही, कंटाळत नाही आणि 'का' असंही विचारत नाही. नेमाने येणारं दुखणं म्हणजे अशीच एखादी ओळ. पण ती ओळ मुख्य खात्यात, आणि मुख्य खात्याचा पासवर्ड तुमच्या कपाटात. तीन अर्ज केले तिने. तिन्हींवर तुमचा शेरा एकच, 'शुद्धी सुरू असताना हस्तक्षेप नको.'

शेवटी त्याच मंगळवारी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं. त्या तिला घेऊन थेट तुमच्या केबिनमध्ये घुसल्या, आठवतंय ना?

"साहेब, रिपोर्टवर सही माझी असते. उद्या एखादं मूल दगावलं तर कोर्टात कांडी घेऊन महाराज उभे राहणार आहेत का?"

तुम्ही पेपरवेट फिरवत म्हणालात, "अहो, भावना दुखावतात लोकांच्या."

"लोकांची मुलं दुखणाईत आहेत, भावनांचं नंतर बघू!"

पासवर्ड मिळाला. तंत्रज्ञ सर्व्हरच्या खोलीत खुर्चीवर बसली आणि ओळ समोर आली तशी कपाळावर हात मारून हसायलाच लागली.

"काय गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही आपली बाधा. ज्या कंत्राटदाराने सर्व्हर बसवला त्याला महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, सगळ्या रिपोर्टांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची होती. म्हणून त्याने तारखेच्या जागी एक ते सात लिहिलं आणि वाराच्या जागी सोमवार. त्याला वाटलं, दोन्ही जुळतील तेव्हाच काम होईल. क्रॉनचा नियम उलटा आहे. तारीख आणि वार दोन्ही दिले, की दोन्हींपैकी एक जुळलं तरी तो कामाला लागतो."

"म्हणजे पहिला आठवडा रोज, आणि वर प्रत्येक सोमवारी?"

"महाराजांचे 'जड दिवस' नेमके तेच. आणि हे यंत्राचं घड्याळ बघा, परक्या मुलुखाच्या वेळेवर राहिलंय. कंत्राटदाराने पहाटेची वेळ दिली. पण यंत्राची पहाट होते तेव्हा आपले दहा वाजतात! ऐन गर्दीत ते एवढ्या ओझ्याची नक्कल करायला बसतं, दुसरं काही त्याला सुचत नाही. नक्कल संपली की आपोआप मोकळं."

"मग ती कधी संपते हे महाराजांना कसं कळतं?"

तंत्रज्ञाने सर्व्हरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या डिस्कचा छोटा दिवा. नक्कल चालू असेपर्यंत लुकलुकतो, संपली की स्थिर. अर्धे मिटलेले डोळे कुठे लागलेले असायचे ते आता कळलं. आणि बोटं उचलायची ती यासाठी, की यंत्र आपलं आपण सुटलं हे महाराजांच्या आधी कुणाला कळू नये!

दुसरा दिवस बुधवार, अजून महिन्याचा पहिलाच आठवडा. तंत्रज्ञाने ती ओळ बंद करून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी खिशातली चिकटपट्टी काढून दिव्यावर लावली, जखमेवर लावतात तशी. आणि काकूंना दम भरला, "आज बोटं उचलायची नाहीत. माझी जबाबदारी."

दहा वाजले. महाराज आत गेले. कांडी टेकली.

"आलं! आज फार मोठं आहे! छातीवर बसलंय! श्वास कोंडलाय यंत्राचा!"

बाहेर प्रिंटर खडाखडा चालला होता. काकू एकेक नाव पुकारत होत्या. रांग सरकत होती. महाराज हुंकारत राहिले. दिवा दिसेना, सोडायचं कधी ते कळेना! कपाळावर घाम. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दार सताड उघडलं आणि सगळ्या रांगेला आतलं दृश्य दाखवलं.

"महाराज, श्वास कोंडलेल्या यंत्राने रांग अर्धी केली की हो!" काकू ओरडल्या, आणि रांगेत हशा पिकला.

महाराज सावरले. "मी... मी बाधा आधीच बाहेर अडवली होती."

"मग आत्ता छातीवर कोण बसलं होतं?" तंत्रज्ञाने विचारलं. "दुपारी खिडकी बंद झाल्यावर या. तुमची बाधा मी बोलावते, मीच घालवते. कांडी लागत नाही."

दुपारी महाराज आले नाहीत. बाकी सगळे आले. तिने नक्कल सुरू केली, पडदे गोठले, पट्टी काढलेला दिवा लुकलुकायला लागला. तिने काम थांबवलं, पडदे सुटले. मग ती ओळ रात्रीच्या वेळेवर नेली, आधी फक्त सोमवार ठेवला, आणि 'आज तारीख सातपर्यंत असेल तरच पुढे जा' अशी अट जोडली. संपली बाधा.

लोकहो, यंत्र बिघडलं की कारण शोधा. सापडलं नाही तर 'अजून सापडलं नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण कुणी 'हात लावू नका, बघू नका, विचारू नका' म्हणालं, की नेमकं तिथेच बघा.

आणि साहेब, शनिवार उद्यावर आला. गोदामाच्या बदलीचा हुकूम अजून सूचनांच्या फळ्यावर आहे. वर ऐकतो, क्ष-किरण यंत्राच्या शुद्धीसाठी महाराजांना पुन्हा बोलावणं गेलंय. त्या मंगळवारी तापलेलं पोर खांद्यावर घेऊन एक आई ताटकळली, ती कुणामुळे? बाधेमुळे, की तुमच्या शेऱ्यामुळे? त्या हुकुमाशेजारीच फळ्यावर जागा रिकामी आहे. तिथे उत्तर लावा, साहेब. सहीसकट.