मिठात मिठाचा खडा

मित्रांनो, नाक दाबूनच जवळ या. मी एक जुनी, गंजकी टाकी आहे, आणि माझ्या नळीवर कुणीतरी ओले मोजे वाळत घातले आहेत. शी! ऊब दिसली की माणसं काय वाट्टेल ते वाळत घालतात.

मला एका वेल्डरकाकांनी सांधलं. प्रत्येक सांध्यावर हात फिरवून ते म्हणायचे, "गळायचं नाही हं, बाई!" मग माझ्या पोटात खास मीठ भरलं. जेवणातलं नव्हे, तापलं की वितळून पाण्यासारखं होणारं, कारखान्यात बनवलेलं. छपरावरचे आरसे दिवसभर ऊन गोळा करून ते तापवत. सूर्य मावळला तरी माझ्या पोटातली धग टिके आणि त्या धगीवर शेजारचं शीतयंत्र चाले. हो, धगीवर थंडी! तीही साधीसुधी नव्हे, हवेचंसुद्धा पाणी करील अशी. ती जाई इस्पितळाच्या त्वचापेढीत. मेलेल्या माणसांनी दान केलेली कातडी तिथे गोठवून ठेवत, भाजलेल्यांच्या जखमा झाकायला.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढत. मग नव्याची नवलाई संपली. माझ्या झाकणावर जेवणाचे डबे गरम होऊ लागले. सांडलेल्या कालवणाला माझ्या अंगावरच बुरशी आली.

एकदा मीठ कमी पडलं. मागवलेलं यायला उशीर होता आणि वरचे साहेब पाहणीला यायचे होते. व्यवस्थापकांनी भांडारपालाला फर्मावलं, "टाकी भरलेली दिसली पाहिजे. मीठ टाका."

"कोणतं मीठ, साहेब?"

"अहो, मीठ ते मीठ! कँटीनमध्ये पोती पडलीत की!"

भांडारपालाने मान डोलावली आणि पोती रिकामी केली. दुधात मिठाचा खडा पडतो हे तुम्ही ऐकलं असेल. माझ्या तर मिठातच मिठाचा खडा पडला! ते मेलं धड वितळेना. पाहणी झकास झाली, साहेब हसत गेले, आणि मग गाळाने नळी तुंबली. शीतयंत्र बंद पडलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

त्याच सुमारास वेल्डरकाकांना भाजलं. दोन्ही हात गेल्यातच जमा. डॉक्टरीणबाईंनी धावत जाऊन त्वचापेढी उघडली, तर सगळी कातडी नासलेली. ती बादल्यांत भरून माझ्यासमोरून नेली. मित्रांनो, त्या वासाची मला किळस आली नाही. किळस आली ती व्यवस्थापकांची. नाकाला रुमाल लावून ते ओरडत होते, "अरे, फिनेल टाका कुणीतरी!"

शेवटी काकांच्याच मांडीची कातडी सोलून हातांना लावली. ते वाचले, पण बोटं कायमची आखडली. माझ्यात आता लादी पुसायचं गरम पाणी भरतात. परवा काका काकूंना घेऊन मला बघायला आले. काकू म्हणाल्या, "अहो, हात नका लावू, किती घाण आहे ती!" काकांनी आखडलेल्या बोटांनी कसाबसा मोजा ओढून फेकला आणि सांध्यावरून हात फिरवला. "बघ, गळली नाही माझी बाई."

नाही गळले, काका. पण तुमच्या कामी आले नाही, याचं फार वाईट वाटतं.

आज पुन्हा दुसरे मोजे आलेत. मित्रांनो, खाल्ल्या मिठाला जागावं, हे तुम्हाला शिकवतीलच. माझं मागणं लहान आहे. उद्या तुम्ही मोठे साहेब व्हाल आणि कुणी विचारेल, "कोणतं मीठ?" तेव्हा त्याला नीट उत्तर द्या.